२९०० सूर्यांची नोंद आणि तिच्यावरच्या दोन दुरुस्त्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पानावर नुकतीच ‘विश्वातले विक्रमवीर’ नावाची चौकट आली होती. तिच्यात तिसऱ्या क्रमांकावर एचएफएलएस ३ ही दीर्घिका आहे आणि तिच्यापुढे छापलंय : ‘दरवर्षी २९०० सूर्य जन्माला घालणारा ताऱ्यांचा कारखाना’. हा आकडा मनचा नाही, हे आधीच मान्य करते. एप्रिल २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डॉमिनिक रीचर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जो शोधनिबंध आला, त्यातलाच तो आहे. पण पुढे त्याची दोनदा दुरुस्ती झाली, एकदा २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये. दोन्ही दुरुस्त्या उघडपणे छापल्या गेल्या. आपल्या चौकटीत मात्र अजून २०१३ सालच चालू आहे.

तक्रार एवढीच. ती नीट मांडायला थोडी जागा लागेल. काटछाट करावीच लागली तर माझी मतं खुशाल कापा, आकडे राहू द्या.

मी नोकरीभर लेखापरीक्षण केलं. खगोलशास्त्र शिकलेले नाही, नुसतं वाचते. पण वाचताना जुनी खोड जात नाही. मोठा आकडा दिसला की आधी मनात येतं, हा मोजलेला आहे की काढलेला? काढलेला असेल तर कशावरून, आणि नंतर कुणी तपासला का? विक्रमांच्या याद्यांमध्ये यातलं काहीच नसतं. माझ्या ओळखीच्या एका शाळकरी मुलीनं ती चौकट कापून वहीत चिकटवली आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसले. नाहीतर पेन्सिलीनं समासात लिहून मी गप्प बसले असते.

आधी हा आकडा आला कुठून ते सांगते. युरोपीय अवकाश संस्थेची हर्शेल ही दुर्बीण १४ मे २००९ रोजी अवकाशात गेली. तिचा आरसा साडेतीन मीटर व्यासाचा होता आणि ती दूरच्या अवरक्त किरणांमध्ये आकाश बघायची. त्यासाठी उपकरणं कमालीची थंड ठेवावी लागत. द्रव हेलियम बरोबर नेलेलं होतं आणि ते २९ एप्रिल २०१३ ला संपलं. ‘नेचर’मधला निबंध आला त्याच महिन्यात ती दुर्बीण आंधळी झाली. नशिबाचा खेळ म्हणायचा.

हर्शेल तीन तरंगलांब्यांवर मोठमोठे पट्टे तपासत असे : २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बहुतेक दीर्घिका २५० किंवा ३५० वर जास्त उजळ दिसतात आणि ५०० पर्यंत जाताजाता मंदावतात. शोध घेणाऱ्यांनी मुद्दाम उलट्या चालीच्या दीर्घिका वेचायला घेतल्या, म्हणजे २५० पेक्षा ३५० वर जास्त आणि ३५० पेक्षा ५०० वर आणखी जास्त तेज असलेल्या. कालेय तारकासमूहाच्या दिशेला एका ठिपक्याचं मोजमाप आलं : साधारण १२, ३२ आणि ४७ मिलिजान्स्की (आकाशातून पोचणारं तेज मोजायचं हे एकक). एकाखाली एक लिहून बघा. चढती भाजणी आहे. सगळी हकिगत या तीन आकड्यांपासून सुरू होते आणि माझ्या मते छापायचेच असतील तर २९०० च्या आधी हे तीन छापायला हवेत, कारण हे मोजलेले आहेत.

चढती भाजणी का महत्त्वाची? दीर्घिकेत नवे तारे जन्मतात तेव्हा त्यांच्यातले जे वजनदार असतात ते प्रचंड अतिनील प्रकाश टाकतात. पण तारे जन्मतात तिथेच धुळीचे दाट ढगही असतात. ती धूळ हा प्रकाश गिळते, जराशी तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर सोडते. ‘जराशी’ म्हटलं ते जपून म्हटलंय. एचएफएलएस ३ मधली धूळ साधारण ५६ केल्विनवर होती, म्हणजे शून्याखाली २१७ अंश सेल्सिअस. मथळे भट्टी नि कारखान्याचे, आणि निरोप येतो तो या गारठ्यातून! अशी धूळ सगळ्यात जास्त चमकते ती साधारण ६० ते ७० मायक्रॉनच्या आसपास. मग आपल्याकडे ते तेज ५०० मायक्रॉनकडे झुकलेलं का दिसावं? कारण प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत राहिलं आणि त्याच्याबरोबर प्रकाशाची लांबीही ताणली गेली.

किती ताणली गेली, हे धुळीच्या चमकेवरून नेमकं सांगता येत नाही. धूळ खरंच गार आणि जवळची असेल तरीही ५०० मायक्रॉनवर जास्त चमकेल. म्हणून वर्णरेषा लागतात, म्हणजे अणू-रेणूंच्या ठरलेल्या तरंगलांबीवर उमटणाऱ्या खुणा. आयनित कार्बनची एक रेषा प्रयोगशाळेत १५७.७ मायक्रॉनवर असते. या ठिपक्यातून ती ११५८ मायक्रॉनच्या जवळ, म्हणजे एक मिलिमीटरहून जरा जास्त लांबीवर सापडली. भागाकार करा, ७.३४ येतात. कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याच्या वाफेच्या रेषाही त्याच पटीत सरकलेल्या होत्या. एकच रेषा असती तर शंका घ्यायला जागा होती. इतक्या रेषा एकाच पटीत सरकल्या म्हटल्यावर हिशेब पक्का झाला. यातून एक वजा केला की ताम्रसृती, म्हणजे प्रकाश ताणला गेल्याचं माप, ६.३४. याचा अर्थ तो प्रकाश निघाला तेव्हा महास्फोटाला ८८ कोटी वर्षं झाली होती. विश्वाचं आजचं वय १३८० कोटी वर्षं धरलं तर तो सुमारे १२९० कोटी वर्षं वाटेत होता. (चौकटीत ‘१२.९ अब्ज प्रकाशवर्षं दूर’ असं आहे. तो प्रवासाचा काळ झाला. वाटेत विश्व पसरत गेल्यामुळे आज ती जागा साधारण २८ अब्ज प्रकाशवर्षं अंतरावर आहे. पण ही चूक सगळेच करतात, तिच्यावर वेळ घालवत नाही.)

ताम्रसृतीचा हा आकडा २०१३ पासून आजवर जवळपास जागचा हललेला नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर दुरुस्ती झाली म्हटल्यावर सगळंच कच्चं होतं असा समज व्हायचा.

हलला तो २९०० चा आकडा, कारण तो काढलेला आहे. कसा काढला ते बघा. अंतर कळलं, तेज कळलं, त्यावरून दीर्घिकेचं एकूण अवरक्त तेज आलं : सूर्याच्या जवळपास २९ लाख कोटी पट. आता खगोलशास्त्रज्ञांचा एक दर ठरलेला आहे. सूर्याच्या एक हजार कोटी पट अवरक्त तेज दिसलं की तिथे वर्षाला एका सूर्याच्या वजनाइतका वायू ताऱ्यांमध्ये रूपांतरित होतोय असं धरायचं. २९ लाख कोटीला एक हजार कोटीनं भागलं की २९०० हाती येतात. तारे कुणी मोजलेले नाहीत. मोजता येणारही नाहीत.

हा दर कुठून आला, ही चौकशी माझ्यासारखीला केल्याशिवाय राहवत नाही. सगळं तेज देतात मूठभर वजनदार तारे. त्यांच्याबरोबर जन्मलेले असंख्य बारीक तारे जवळपास काहीच तेज देत नाहीत, पण वजनाचा मोठा वाटा त्यांचाच. म्हणजे दिसतात ते वजनदार आणि हिशेबात धरायचे असतात बारीकही. किती बारीक धरायचे? १९५५ मध्ये एडविन साल्पीटर यांनी सूर्याच्या शेजारच्या ताऱ्यांवरून एक प्रमाण मांडलं. पुढे २००३ मध्ये गिल्स शाब्रिए यांनी दुसरं मांडलं, त्यात बारीक तारे कमी आहेत. एचएफएलएस ३ चा २९०० हा आकडा शाब्रिए यांच्या प्रमाणावर बेतलेला आहे. रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये साल्पीटरचं प्रमाण धरून जो दर दिला होता तो लावला, तर त्याच दीर्घिकेचे, त्याच प्रकाशाचे, सुमारे ४९०० सूर्य होतात. दोन हजारांचा फरक, आणि आकाशात काडीइतकंही काही बदललेलं नाही! शिवाय ही दोन्ही प्रमाणं आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांवरून बसवलेली. १२९० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या गर्दीत तारे याच प्रमाणात जन्मत होते, असं गृहीत धरून पुढे जायचं. गृहीत धरण्याला माझी हरकत नाही, हिशेबात ते करावंच लागतं. फक्त ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

आणि ‘२९०० सूर्य’ म्हणजे २९०० तारे नव्हेत. बहुतेक तारे सूर्यापेक्षा बरेच हलके असतात, त्यामुळे २९०० सूर्यांच्या वजनाच्या वायूतून ताऱ्यांची संख्या कितीतरी जास्त निघेल. याच गोंधळामुळे आपल्या आकाशगंगेचा दर कुठे वर्षाला एक-दोन असा दिसतो तर कुठे दहा. पहिला सूर्याच्या वजनात असतो, दुसरा नगांमध्ये. २००८ मध्ये ‘बेबी बूम’ हे नाव मिळालेल्या दीर्घिकेची बातमी आली होती, वर्षाला चार हजारांपर्यंत तारे. तिथे तुलनेसाठी आकाशगंगेचा दहाचा आकडा दिला होता. आपल्या चौकटीत एचएफएलएस ३ वजनात आहे आणि आकाशगंगा नगांत. तुलना करायची तर दोन्ही एकाच मापात असली पाहिजेत, हे सांगायला लेखापरीक्षक लागू नये.

आता शिल्लक. मला या दीर्घिकेत सगळ्यात जास्त भुरळ पडली ती इथे, म्हणून जरा रेंगाळते. २०१३ च्या निबंधानुसार तिथे तारे बनवण्याजोगा वायू होता साधारण दहा हजार कोटी सूर्यांच्या वजनाचा. वर्षाला २९०० चा खर्च. भागाकार केला की साडेतीन कोटी वर्षं येतात. नवा वायू बाहेरून आत आला नाही तर साडेतीन कोटी वर्षांत खजिना रिकामा! पृथ्वीवरून डायनासोर नाहीसे होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. त्याच्या निम्म्याच काळात एका अख्ख्या दीर्घिकेचा वायू संपतो. आपली आकाशगंगा वर्षाला एक-दोन सूर्यांच्या बेतानं चालते आणि तिच्यापाशी अजून अब्जावधी वर्षं पुरेल इतका वायू आहे. इतकी उधळपट्टी फार काळ चालू शकत नाही, म्हणूनच अशा दीर्घिका विरळ सापडतात. त्यांचा तो काळच छोटा असतो आणि आपण नेमक्या त्या काळात निघालेला प्रकाश पकडायला हवा. चौकटीत ‘जन्माला घालणारा’ असं, जणू ते अजून चालू आहे, छापलंय. त्या काळात जन्मलेल्या वजनदार ताऱ्यांचं आयुष्यच मुळी काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांचं. ते विझूनही आता बाराशे कोटींहून जास्त वर्षं लोटली.

आता पहिली दुरुस्ती. एचएफएलएस ३ आणि आपण यांच्या मधोमध, जवळजवळ एकाच रेषेत, दुसऱ्या दीर्घिका आडव्या आल्या आहेत. त्यांच्या गुरुत्वाकर्षणानं मागून येणारा प्रकाश वाकतो आणि भिंगातून पाहावं तसा मागचा देखावा मोठा नि उजळ दिसतो. २०१३ च्या निबंधात हा परिणाम असलाच तर किरकोळ असेल असं धरलं होतं. २०१४ मध्ये आसंथा कूरे आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीची बारकाईची छायाचित्रं घेऊन भिंगाचं गणित पुन्हा मांडलं. उत्तर आलं : तेज सुमारे २.२ पट फुगलेलं आहे. २९०० ला २.२ नं भागा. १३१८. निबंधात १३२० आहे. इतकी सरळ दुरुस्ती माझ्या हाताखालून फार क्वचित गेली.

यात एक गंमत आहे. भिंगामुळे तेज फुगलं तसा वायूचा अंदाजही फुगलेला होता, कारण तोही प्रकाशावरूनच काढलेला. म्हणून खर्च २.२ नं कमी झाला तशी शिल्लकही तेवढ्याच पटीनं कमी झाली, आणि दोघांचा भागाकार, ती साडेतीन कोटी वर्षं, जवळपास तशीच राहिली. विक्रम निम्म्याहून खाली आला, पण ‘ही दीर्घिका स्वतःला झपाट्यानं संपवत होती’ हे विधान त्याच जागी उभं आहे. हे वाचून मी खूश झाले. असं विधान छापायला काय हरकत होती? पुढच्या दुरुस्तीपर्यंत ते टिकलं, हे तर आहेच.

दुसरी दुरुस्ती मोठी. जेम्स वेब दुर्बिणीनं २०२२ पासून काम सुरू केलं. गॅरेथ जोन्स आणि सहकाऱ्यांनी तिच्या वर्णपटमापकाखाली एचएफएलएस ३ ठेवली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. तीन विकला गुणिले तीन विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढ्याशा चौकोनात त्यांना नुसती गर्दी दिसली. समोरच्या दोन दीर्घिका तर होत्याच, भिंगाचं काम करणाऱ्या. त्यांतली एक आधी धरलेल्यापेक्षा बरीच दूर निघाली. आणि मागे, ६.३४ ते ६.३६ या ताम्रसृतीवर, एक नव्हे, सहा दीर्घिका. त्यांपैकी मधल्या दोन भिंगामुळे वाकून एका कमानीसारख्या दिसतात. सहाही जणी जेमतेम छत्तीस हजार प्रकाशवर्षांच्या टापूत, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या तबकडीच्या साधारण एकतृतीयांश रुंदीत. त्यांच्यातली अंतरं आणि वेग पाहता त्या शंभर कोटी वर्षांच्या आत एकमेकींत मिसळून एकच दीर्घिका होणार होत्या. आजच्या हिशेबानं त्यांचं लग्न केव्हाच लागून गेलेलं आहे.

आणि तारे बनवण्याचा दर? भिंगाचा फुगवटा काढून सहाही जणींचा मिळून वर्षाला ५१० सूर्य, १४० नं कमी-जास्त. ‘कमी-जास्त १४०’ हे शब्द मला फार आवडले. ५१० हा एकटा छापला की तो पुन्हा दगडावरची रेघ होतो.

इथे घाई करू नये. २९०० चे १३२० झाले ती एकाच खात्यातली दुरुस्ती होती. ५१० वेगळ्या खात्यातून आलेले आहेत. वेबनं धुळीची ऊब मोजलेली नाही. तिनं हायड्रोजनची लाल रेषा मोजली, ती ०.६५६ मायक्रॉनची रेषा इथे ४.८ मायक्रॉनवर येते. त्या रेषेचा प्रकाश धुळीतून येताना जो गळतो त्याची भरपाई हिशेबात केलेली आहे, पण धुळीत पार गाडले गेलेले तारे या रेषेला दिसतच नाहीत. शिवाय ही रेषा गेल्या काही दशलक्ष वर्षांतलं चित्र दाखवते, धुळीची ऊब त्याहून लांबच्या काळाची बेरीज. तेव्हा १३२० खोटे आणि ५१० खरे असं मी म्हणणार नाही. कुणी छापलं तर त्यालाही पत्र लिहीन.

मग हर्शेलला सहा का दिसल्या नाहीत? तिची चूक नव्हती. दुर्बिणीला किती बारीक दिसेल हे तरंगलांबी आणि आरशाचा व्यास यांच्या प्रमाणावर ठरतं. ५०० मायक्रॉन आणि साडेतीन मीटर, म्हणजे तिचा एक ठिपका सुमारे ३६ विकलांचा. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास साधारण १८०० विकला, त्याच्या पन्नासाव्या भागाएवढा. या एका ठिपक्यात वेबनं तपासलेले ते तीन विकलांचे चौकोन शंभराच्या आसपास मावतील. तिथे सहा असोत की साठ, हर्शेलला एकच ठिपका दिसणार होता. म्हणजे वर लिहिलेले १२, ३२, ४७ हे आकडे बरोबरच आहेत, ते फक्त एका घराचे नसून अख्ख्या वाड्याचे निघाले.

असं आधीही झालेलं आहे. आपल्यापासून सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर आर्प २२० आहे. आयरास या अवरक्त उपग्रहानं १९८३ मध्ये आकाश तपासलं तेव्हा ती अवरक्तात दिपवणारी निघाली. नीट पाहिल्यावर तिच्या पोटात दोन केंद्रकं सापडली, जेमतेम बाराशे प्रकाशवर्षं अंतरानं. दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या होत्या. टक्कर झाली की वायू फिरायचा सोडून मधोमध कोसळतो, दाटतो आणि एकदम ताऱ्यांची लाट येते. आर्प २२० मध्ये वर्षाला दोनशे सूर्यांच्या आसपास तारे बनतात. जवळ असल्यामुळे तिचं गुपित लवकर फुटलं. एचएफएलएस ३ चं फुटायला दहा वर्षं आणि तीन दुर्बिणी लागल्या.

या दुरुस्तीनं फरक काय पडतो, असं कुणी म्हणेल. पुष्कळ पडतो. २०१३ मध्ये या दीर्घिकेची इतकी चर्चा झाली ती तिच्या विक्रमासाठी कमी आणि एका कोड्यासाठी जास्त होती. विश्व ८८ कोटी वर्षांचं असताना एकाच दीर्घिकेनं इतका वायू गोळा करून इतक्या वेगानं तारे कसे बनवले? छोट्या दीर्घिका जुळून मोठ्या होतात असं सिद्धांत सांगतो, आणि त्याला वेळ लागतो. सहा दीर्घिका जुळण्याच्या बेतात सापडणं हे त्याच सिद्धांताच्या अंगणातलं आहे. कोडं पार सुटलं असं नाही; इतक्या लवकर इतकी दाट वस्ती एका जागी का जमली, ते आहेच. पण प्रश्न बदलला. जी वाचक मंडळी फक्त २९०० वर थांबली, ती अजून जुन्याच प्रश्नावर बसलेली आहेत.

दुसरं एक उदाहरण देते आणि थांबते. २०२२ च्या जुलैमध्ये वेबची पहिली छायाचित्रं आल्या आल्या सीर्स-९३३१६ नावाच्या एका ठिपक्याची ताम्रसृती १६ च्या वर असावी, असा अंदाज निघाला. खरा ठरता तर तो तेव्हाचा सगळ्यात दूरचा ठरला असता, महास्फोटानंतर पंचवीस कोटी वर्षांच्याही आतला. तो अंदाज रंगांवरून बांधलेला होता. वर्णपट घेतल्यावर २०२३ मध्ये ताम्रसृती ४.९ निघाली. धुळीनं माखलेली, तारे बनवणारी, बरीच अलीकडची दीर्घिका होती ती; तिच्या ठळक वर्णरेषांनी रंगांचा हिशेब बिघडवला होता. त्याच निबंधात मेझीज गॅलक्सी या दुसऱ्या उमेदवाराची तपासणी झाली आणि तिची ताम्रसृती ११.४ पक्की ठरली. एक टिकली, एक पडली, एकाच कागदावर. पहिल्या अंदाजाची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत पानभर होती. पडल्याची मी शोधून वाचली.

अंदाज बांधण्याला माझा विरोध नाही, तो आधी बांधला नसता तर वर्णपट घ्यायला वेळ कुणी दिला असता? विज्ञानवाल्यांनी आपली चोपडी उघडी ठेवली आहे, पहिली नोंद खोडलेली नाही, दुरुस्ती तारखेसह खाली लिहिली आहे. माझ्या धंद्यात याहून जास्त काही मागत नाहीत. अडचण आहे ती त्या चोपडीतली पहिलीच ओळ उतरवून घेऊन पान मिटणाऱ्यांची, आणि त्यात आपलं दैनिक एकटं नाही.

मागणी साधी आहे. विक्रमांची चौकट पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे साल द्या, आणि तो मोजलेला की काढलेला ते एका शब्दात लिहा. एचएफएलएस ३ ची ओळ मी सुचवते, आवडल्यास घ्यावी : ‘एचएफएलएस ३ : महास्फोटानंतर ८८ कोटी वर्षांनी एकत्र येत असलेल्या सहा दीर्घिका. तारे बनण्याचा दर : वर्षाला २९०० सूर्य (२०१३), १३२० (२०१४, भिंगाची दुरुस्ती), ५१० ± १४० (२०२३, वेगळी पद्धत).’ तीन ओळी होतात. तेवढी जागा करायला चौकटीतला दहावा विक्रमवीर वगळला तरी चालेल. त्याचाही आकडा तपासायला हवाच आहे.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त लेखापरीक्षक

ता. क. : चौकटीबरोबर छापलेलं निळ्या-केशरी ज्वाळांचं चित्र हे छायाचित्र नाही, चित्रकारानं कल्पनेनं काढलेलं आहे. हर्शेलला ही दीर्घिका एका धूसर ठिपक्याएवढीच दिसली होती. चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ एवढा एक शब्द टाकावा. तो ठिपका छापलात तर आणखी बरं. त्या मुलीच्या वहीत त्याच्यासाठी जागा आहे, मी विचारलंय.